जांभळ्या गाडीचा पहिला दिवस

१

बॅण्डवाल्यांनी तीच धून तिसऱ्यांदा सुरू केली तेव्हा माझ्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलं आहे.

त्या सकाळी सगळं ऑर्सडेल गाव स्टेशनावर लोटलं होतं. डेल लाइन कंपनीचा कारभार संपून आता ‘झेफा’ नावाची कंपनी आली होती. रूळ तेच, डबे तेच, उशीर तोच; फक्त नाव नवं आणि हिरव्याच्या जागी जांभळा रंग. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, यातलाच प्रकार. पण बॅण्ड आणि फुकट केक म्हटल्यावर आमचं गाव कुठेही जाईल. नवीन रंगाची पहिली गाडी शिट्टी मारत फलाटाला लागली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, छायाचित्रकार पुढे धावले. नगराध्यक्षबाई फितीसमोर हात पुढे करून उभ्या राहिल्या आणि कात्री काही येईना.

कात्री आणायला जूलियन व्हेन गेला होता. हा लंडनचा पोरगेलासा माणूस, नावं आणि रंग बदलून देण्याचा त्याचा धंदा. रेल्वेचं ‘झेफा’ असं बारसं त्यानेच केलं होतं. तेवढ्यावर न थांबता आमच्या बाजाररस्त्यावरची निम्मी दुकानंही त्याने नव्या नावांची केली होती. गाडी येण्याच्या जरा आधी मीच त्याला फलाटाच्या टोकाच्या दिवेखोलीकडे जाताना पाहिलं होतं. पूर्वी तिथे कंदील ठेवत. आता अडगळ असते. दार उघडलं की दगडी पायऱ्या खाली जातात.

स्टेशनावरचं चहाचं दुकान माझं, तेव्हा दिवेखोलीची दुसरी किल्ली माझ्याकडे असते. ती घेऊन गेले, पण दार उघडंच होतं. जूलियन पायऱ्यांच्या तळाशी पालथा मरून पडला होता. कात्री त्याच्या हातातच होती. मधल्या पायरीवर डेल लाइनची जुनी हिरवी टोपी होती, आणि आतल्या पट्टीवर नाव होतं ए. रेस्ट्रिक.

अर्नल्ड रेस्ट्रिक माझा धाकटा भाऊ. स्टेशनावर तिकिटं तोच देतो.

२

गावच्या पोलिसांनी त्याच दुपारी अर्नीला उचललं. त्यांचा तरी काय दोष म्हणा. आदल्याच दिवशी जूलियनने सगळ्यांदेखत त्याला सांगितलं होतं की तिकिटाची खिडकी बंद होणार, त्याने जांभळा वेस्टकोट घालून फलाटावर फिरायचं आणि त्याचा हुद्दा ‘स्वागतमित्र’. अर्नीने त्याची कॉलर धरली. ‘तुला मी रुळावर निजवीन’ असं काहीसं तो म्हणाला, आणि ते निम्म्या गावाने ऐकलं. गाडी आली तेव्हा तो फलाटावर नव्हता. कुठे होतास म्हणून विचारलं तर त्याच्या तोंडाला कुलूप. पोलिसांसमोर गप्प, वकिलासमोर गप्प, माझ्यासमोरही गप्प. खटला उभा राहीपर्यंत त्याला लीड्सच्या तुरुंगात ठेवलं.

मी भेटायला गेले की विनवायची. ‘अर्नी, जिथे होतास ते सांगून टाक. प्यायला गेला असशील, कुणा बाईकडे गेला असशील, मला काही वाटणार नाही.’ तो टेबलाकडे बघत बसायचा आणि उठताना विचारायचा, चहाच्या बंबाची तोटी अजून गळते का. साठीच्या माणसाला तिथे ठेवलं तर तो तिथेच संपेल, हे मला दिसत होतं. मी रात्रंदिवस तेवढाच विचार करत होते.

गावाने माझ्याकडे चहाला येणं कमी केलं. एक लायनेल स्पेन्स तेवढा आला. बाजाररस्त्यावर त्याची बेकरी, बापाची. आम्ही तिघं एका शाळेत शिकलो. रोज दुकान बंद केलं की तो एक पाव घेऊन यायचा, माझ्यासमोर बसायचा आणि मी चार घास खाईपर्यंत उठायचा नाही. अर्नीला भेटायलाही जायचा. माझे डोळे भरून आले की म्हणायचा, ‘धीर धर, ग्वेन. निर्दोष माणसाला शिक्षा होत नाही.’

जागा रेल्वेची, म्हणून मागाहून रेल्वे पोलिसांच्या मॉरीन टास्कर आल्या. बुटक्या, गुडघे धरून चालणाऱ्या, कोट कायम चुरगळलेला. चहाच्या दुकानातल्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसल्या आणि पहिली गोष्ट विचारली ती अशी, ‘जुने गणवेश कुठे गेले?’

मी सांगितलं. जुनं कापड बाहेर कुणाच्या अंगावर दिसता कामा नये म्हणून सगळ्यांचे कोट-टोप्या एका पोत्यात भरायला लावल्या होत्या, आणि पोतं दिवेखोलीच्या वरच्याच पायरीवर ठेवलं होतं.

‘मग कुणीही धडपडला असता तरी कुणाची ना कुणाची टोपी खाली पडलीच असती,’ त्या म्हणाल्या. ‘टोपी गेली हिशोबातून. आता मला एवढंच सांगा, गाडी आत येत असताना कोण कुठे होतं?’

इतक्या दिवसांनी मला पहिल्यांदा उभारी आली. पण पुढच्याच वाक्याला त्यांनी ती काढून घेतली. म्हणाल्या, ‘बाई, आशेवर राहू नका. तुमचा भाऊ बोलत नाही, आणि न बोलणाऱ्या माणसाला वाचवणं फार कठीण.’

३

पहिल्यांदा त्यांनी अमोस थ्वेटला बोलावलं. अमोस पाट्या रंगवतो, म्हणजे रंगवायचा. बाजाररस्त्यावरची प्रत्येक जुनी पाटी त्याच्या नाहीतर त्याच्या बापाच्या हातची. जूलियनने त्या उतरवून छापील जांभळ्या पाट्या लावल्या, आणि अमोसच्या पोटावर पाय आला. पबमध्ये तो उघड म्हणाला होता, ‘त्या पोराच्या थडग्यावरचं नाव मी फुकट रंगवून देईन.’

‘म्हणालो होतो,’ अमोस टास्करबाईंना म्हणाला. ‘आणि अजून देईन. माझा शब्द आहे.’

‘गाडी आली तेव्हा कुठे होतात?’

‘बॅण्डमध्ये. मोठा ढोल वाजवत होतो. ढोल सोडून कुणाचा खून करायला गेलो असतो तर कुणाच्या तरी कानाला कळलं असतं.’

हे खरं होतं. त्या ढोलाने माझंच डोकं उठलं होतं. टास्करबाई हसल्या आणि त्याच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली. मग अमोसची जीभ सैल झाली. जूलियनने उतरवलेल्या पाट्या जपून ठेवायचं कबूल केलं होतं, दिवेखोलीत आहेत म्हणून सांगत होता. पण सामान नेणाऱ्या ट्रकवाल्याकडून अमोसला खरं कळलं होतं. पाट्या केव्हाच लंडनला गेल्या होत्या. तिथल्या कुठल्याशा खानावळीने त्या कापून टेबलं केली होती, गिऱ्हाइकांना जुनं आवडतं म्हणून.

‘हे तुम्ही कुणाकुणाला सांगितलं?’

‘ज्यांच्या पाट्या गेल्या त्या सगळ्यांना. खाटकाला, न्हाव्याला, लायनेलला. त्याच सकाळी. खाटिक शिव्या देत फलाटावर आला, माझ्या शेजारीच उभा होता. न्हावी तर बॅण्डमध्येच आहे.’

लायनेलची पाटी मला आठवली. काळ्या काचेवर सोनेरी अक्षरं, ‘स्पेन्स आणि मुलगा’. त्यातला मुलगा म्हणजे तो स्वतः. बापाने तो जन्मला त्या आठवड्यात करून घेतली होती. तिच्या जागी आता ‘लोफ’ असं लिहिलेलं प्लॅस्टिक आहे. दुकान परक्याला विकलं असं समजून म्हाताऱ्या बायकांनी तिथे जाणं सोडलं. लायनेल त्यावर काही बोलत नसे. हो म्हणून सही त्यानेच केली होती.

४

लायनेलशी टास्करबाई माझ्यासमोरच बोलल्या. तो नेहमीसारखा पाव घेऊन आला होता, आणि त्यांनी त्याला बसायला सांगितलं. आमच्या स्टेशनाला फलाट एकच आहे, उत्तरेच्या अंगाला. रुळांच्या दक्षिणेला बाजाररस्त्यावरच्या दुकानांची परसं येतात. लायनेलचं परसही तिथेच. इकडून तिकडे जायचं तर पुलाखालच्या रस्त्याने वळसा पडतो.

‘समारंभाचे गोड पाव माझ्याकडे होते ना,’ तो म्हणाला. ‘सकाळपासून भट्टीपुढे होतो. शिट्टी ऐकली तसा परसात आलो. म्हटलं, आपणही बघावी. आली बघा रुबाबात. त्या जांभळ्या रंगावर असं ऊन पडलं होतं की डोळे दिपले. मी आपला टोपी काढून उभा राहिलो, वडिलांसारखा. वडील प्रत्येक नव्या गाडीला टोपी काढायचे. मग पावांची परात उचलली आणि वळसा घालून इकडे आलो, तर इथे हा गोंधळ.’

‘फलाटावर आधी आला नव्हतात?’

‘पाव कोण काढणार, इन्स्पेक्टरबाई?’

तो गेल्यावर त्यांनी मला विचारलं की पाव कसे होते. मला खोटं बोलता येईना. त्या दिवशीचे पाव बुडाला करपले होते. लायनेलच्या हातून पाव करपलेले मी जन्मात पाहिले नव्हते. पण ज्या दिवशी माणूस मेला त्या दिवशी पावाबद्दल कोण बोलणार?

‘गाडी बघत राहिला असेल, करपले,’ मी म्हणाले. मला तो माणूस आवडत होता. आणि त्या दिवसांत माझ्या दारी येणारा तो एकटाच होता.

‘असेल,’ टास्करबाई म्हणाल्या.

मग उरल्या मिसेस लम. त्या संशयित वगैरे नव्हत्या. नव्वदीच्या पुढच्या, खाटेला खिळलेल्या. पण त्यांचं घर बेकरीला लागून, आणि खाट खिडकीशी, रुळांकडे तोंड करून. त्या दिवशी सगळं गाव फलाटावर असताना रुळांच्या त्या बाजूला तेवढी एकच म्हातारी होती. मी टास्करबाईंना आधीच सांगितलं, नजर गेली आहे बिचारीची, फार मनावर घेऊ नका. त्या म्हणाल्या, तरी जाऊ. मी बरोबर सूप घेतलं.

‘शेजारच्या परसात लायनेल उभा होता का?’ टास्करबाईंनी मोठ्याने विचारलं.

‘ओरडू नकोस, पोरी. कान शाबूत आहेत. परस मला दिसत नाही, मध्ये भिंत आहे. मी गाडीसाठी बसले होते. नातीने मला उशा लावून बसवलं, नवी जांभळी गाडी बघ म्हणून. कसली नवी आणि कसली जांभळी! तीच आपली हिरवी गाडी आली. लोकांनी उगाच टाळ्या वाजवल्या. फसवलं मला.’

मी सूप गार होईल म्हणाले. हे गाऱ्हाणं सगळ्या गावाला पाठ होतं. म्हातारीला आता रंगही दिसेनात म्हणून लोक हळहळायचे. वर्तमानपत्रात पहिल्या पानावर जांभळी गाडी छापून आली होती, फलाटावरच्या शेकडो लोकांनी पाहिली होती. मी ते चित्र नेऊन दाखवलं तर मिसेस लमने ते खोटं म्हणून परत दिलं होतं.

टास्करबाईंनी मात्र सूप खाली ठेवलं. खाटेवरची चौकड्यांची गोधडी उचलून म्हातारीपुढे धरली. ‘यातला हिरवा चौकोन कुठला?’

मिसेस लमने बोट ठेवलं, आणि बरोबर ठेवलं. मग जांभळा. तोही बरोबर.

‘ती गाडी त्या दिवसानंतर परत कधी आली?’ बाहेर पडताना त्यांनी मला विचारलं.

नव्हती आली. समारंभ उरकून ती कारखान्यात परत गेली ती गेलीच. झेफाचा अजून धड जम बसला नव्हता; जुन्याच हिरव्या गाड्या दारावर जांभळी चिकटपट्टी लावून धावत होत्या. टास्करबाईंनी माझ्या दुकानातून कारखान्यात फोन लावला. पलीकडचं बोलणं बराच वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘नाही, नाही, हात लावू नका. आहे तशी उद्या दुपारी ऑर्सडेलला पाठवा.’ फोन ठेवून त्या गुडघा चोळत बसल्या.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही लायनेलच्या परसात उभे होतो. टास्करबाईंनी त्याला म्हटलं होतं, तुम्ही जिथून गाडी पाहिलीत ती जागा दाखवा. त्याने दाखवली. पिठाचे हात पुसत कुंपणाशी उभा राहिला.

‘इथेच. हलला नाहीत?’

‘इथेच.’

‘आणि जांभळी होती.’

‘पिकल्या आलुबुखारासारखी,’ तो म्हणाला.

शिट्टी झाली. वळणावरून गाडी आली, सावकाश, आमच्यासमोरून फलाटाकडे. मी त्या दिवशी पाहिलेली तीच गाडी. तिचा नंबर मला पाठ आहे. पण आमच्या बाजूने ती पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत हिरवी होती, आणि डेल लाइनची जुनी अक्षरंही तशीच. पलीकडून मात्र फलाटावरचं कुणीतरी ओरडलं की जांभळी आली.

लायनेलने कुंपण धरलं.

टास्करबाई शांतपणे बोलायला लागल्या. कंपनीचं नाव बदललं की समारंभाच्या गाडीची एकच बाजू नवी करतात, जी कॅमेऱ्यासमोर येणार ती. दुसरी बाजू मग सवडीने. ही तर रेल्वेची जुनी रीत. या वेळी डब्यांना चिकटवायचा जांभळा कागद चुकीच्या छटेचा आला म्हणून सवड लांबली, आणि गाडी कारखान्यात अडकून पडली. फलाटावर असणाऱ्याला जांभळी दिसली, रुळांच्या या बाजूला असणाऱ्याला हिरवी. त्या दिवशी या बाजूला मिसेस लम होत्या. त्यांनी हिरवी पाहिली आणि सगळ्या गावाने त्यांना वेड्यात काढलं.

‘तुम्ही फलाटावर गेलोच नाही म्हणता,’ त्या म्हणाल्या. ‘मग जांभळ्यावर पडलेलं ऊन कुठून पाहिलंत? तुम्ही तिकडे होतात, मिस्टर स्पेन्स. गर्दीत कुणी तुम्हाला पाहिलं नाही, कारण दिवेखोली टोकाला आहे, शेजारी फाटक आहे, आणि सगळ्यांच्या पाठी तुमच्याकडे होत्या. अमोसने सकाळी पाटीचं सांगितलं. तुम्ही पाव भट्टीत तसेच टाकून तिकडे गेलात. परत आलात तोवर ते करपले होते. आल्यावर परसाकडे तुम्ही फिरकलाही नाहीत, नाहीतर फलाटाला लागलेली हिरवी बाजू दिसली असती.’

मला वाटलं तो नाकारेल. मी आतून तशी प्रार्थनाच करत होते. पण लायनेल उलट्या बादलीवर बसला.

‘मी फक्त विचारायला गेलो होतो,’ तो म्हणाला. ‘म्हटलं, अमोस काहीतरी ऐकून आला असेल. तो पायऱ्या चढून येत होता कात्री घेऊन. मी म्हटलं, माझ्या वडिलांची पाटी दे. तो म्हणाला, तिच्यावर आता लोक कॉकटेल पितात, तुम्हाला अभिमान वाटायला हवा. हसत म्हणाला. माझ्याशी चांगलंच वागत होता तो. मी ढकललं, ग्वेन. एका हाताने. पोत्यात पाय अडकून गेला तो. मी बाहेर आलो आणि समोर गाडी.’

तो रडत नव्हता. मला त्याची दया आली, खोटं कशाला बोलू? एका क्षणाचा राग कुणाला येत नाही? अर्नीनेही कॉलर धरलीच होती. पण मग मला आमचं जेवणाचं टेबल आठवलं, आणि त्याच्यापलीकडे बसून धीर धर म्हणणारा हाच चेहरा.

‘तू अर्नीला भेटायला जायचास,’ मी म्हणाले. ‘तिथे काय बोलायचास?’

‘सांग म्हणायचो. कुठे होतास ते सांगून टाक, सुटशील. देवाशपथ, ग्वेन, तो सुटावा असंच मला वाटत होतं.’

‘म्हणजे तुला सांगावं लागलं नसतं.’

तो बोटांना चिकटलेलं पीठ खरवडत राहिला.

‘मग त्याने तुला सांगितलं, कुठे होता ते?’ मी विचारलं.

‘सांगितलं,’ लायनेल म्हणाला. ‘गणवेश बदलायला गेला होता. जांभळा वेस्टकोट घातला, आरशात बघितलं आणि त्याला रडू कोसळलं. मुतारीला आतून कडी लावून बसला होता, तोंडात रुमाल धरून. बाहेर बॅण्ड वाजतोय आणि हा आत. तुरुंगात जाईन पण हे चारचौघांत सांगणार नाही म्हणाला. मला शपथ घातली होती, कुणाला सांगू नकोस, ग्वेनला तर मुळीच नको.’ मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ‘तो शब्द मी पाळला. आजवर एका माणसाला बोललो नाही.’

हे तो जरा अभिमानाने म्हणाला. टास्करबाईंनी त्याला दंडाला धरून उठवलं आणि घेऊन गेल्या. त्यांच्या कागदांत मुतारीचा उल्लेख कुठेही आला नाही, एवढं मी त्यांचं देणं लागते.

६

अर्नी शुक्रवारी सुटला. मी लीड्सला न्यायला गेले. तुरुंगाच्या दाराबाहेर त्याने आधी बूट बांधले, मग कॉलर नीट केली. वजन उतरलं होतं. गाडीत आम्ही समोरासमोर बसलो. लायनेलचं त्याला वकिलाकडून कळलं होतं.

‘येत्या रविवारी मी त्याला भेटायला जाणार आहे,’ तो म्हणाला.

मी म्हणाले, जा. मी येणार नाही. आणि माझ्या हातचा केकही नेऊ नकोस. त्याने एका माणसाला ढकललं, ते मी कधीतरी विसरेन. तुला आत ठेवून मला माझ्याच टेबलावर पाव खाऊ घातला, ते मरेपर्यंत विसरणार नाही.

अर्नीने मान डोलावली. मग हातातली टोपी उगाच फिरवत राहिला. तो काहीतरी विचारणार आहे हे मला त्याच्या कानांवरून कळलं. लहानपणापासून त्याचे कान आधी लाल होतात.

‘ग्वेन, त्याला नेलं तेव्हा तू होतीस ना तिथे?’

‘होते.’

‘तो माझ्याबद्दल काही बोलला? म्हणजे, मी त्या दिवशी कुठे होतो वगैरे?’

दोन महिने त्या माणसाने माझ्या भावाला त्याच्याच लाजेत कोंडून ठेवलं होतं, आणि आता माझ्या भावाला त्याच माणसाचा भरवसा हवा होता. मी खरं बोलले असते तर अर्नी पुन्हा माझ्याकडे मान वर करून बघू शकला नसता.

‘नाही,’ मी म्हणाले. ‘काहीच नाही बोलला.’

अर्नीच्या खांद्यातला ताण उतरला. टोपी डोक्यावर ठेवून तो मागे रेलला.

‘बघ,’ तो म्हणाला. ‘कसाही असला तरी माणूस शब्दाचा पक्का.’

‘हो,’ मी म्हणाले. ‘पक्का आहे.’